पंपाने दूध आटतं म्हणे!

‘सुनेला पंप आणून देण्याआधी हे वाचा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश बाळंतिणींच्या आणि त्याहून जास्त त्यांच्या सासवांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतो आहे. त्यात जे म्हटलंय ते थोडक्यात असं. ब्रेस्ट पंप, म्हणजे अंगावरचं दूध ओढून काढायचं यंत्र, लावला की दूध आटतं आणि पंपात जेमतेम वीस-तीस मिली येतं हाच त्याचा पुरावा. यंत्राने काढलेल्या दुधात सत्त्व राहत नाही, आणि ते फ्रिजमध्ये ठेवलं तर बाळाला बाधतं. तरीही लावायचाच असेल तर जोर पूर्ण ठेवून छाती पार रिकामी होईपर्यंत लावा. गाठ आली तर गरम शेक, दाबून मालीश आणि पुन्हा पंप. शेवटी दरडावणी: हिरकणी बाळासाठी कडा उतरली, तिला पंप लागला नाही. खाली ‘बालरोगतज्ज्ञांचा सल्ला’ असं लिहिलंय. कोणत्या तज्ज्ञांचा, ते नाही.

बाळंतिणींना अंगावर पाजण्याबाबत मदत करणं हे माझं काम, त्यामुळे हा मजकूर ‘ताई, हे खरं का हो?’ या प्रश्नासकट माझ्याकडे येत राहतो. एकेकीला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. मला त्यातली भीती जितकी खटकते तितकीच त्याची दुटप्पी तऱ्हा खटकते. वरच्या अर्ध्यात पंप लावू नका म्हणायचं आणि खालच्या अर्ध्यात तो कसा लावायचा ते सांगायचं, तेही नेमकं चुकीचं. हा सल्ला ऐकून पंप लावणाऱ्या बाईला खरंच दुखेल, दूध खरंच कमी निघेल, आणि मग संदेश खरा ठरला असं घरात सगळ्यांना वाटेल.

‘पंप लावला की दूध आटतं.’

दूध किती तयार व्हायचं हे मुख्यतः ते किती बाहेर निघतं त्यावर ठरतं. छाती भरलेली राहिली तर दुधातलाच एक घटक दूध बनवणाऱ्या पेशींना ‘आता पुरे’ असं कळवतो आणि वेग मंदावतो. दूध निघालं की तो अडसर दूर होतो. ते बाळाने लुचून काढलं, हाताने पिळून काढलं की पंपाने, हे शरीर तपासत बसत नाही. म्हणून तर ज्या बाळाला अंगावर घेताच येत नाही त्याच्या आईचं दूध टिकवायला डॉक्टर पंप सांगतात.

मग पंप वापरणाऱ्या काही जणींचं दूध कमी होतं ते का? बहुतेक वेळा गोष्ट अशी असते. बाळाला वरचं दूध सुरू झालेलं असतं, त्या वेळचं पाजणं चुकतं आणि त्याच्या बदल्यात पंप लावला जात नाही. किंवा लावला जातो, पण तो नीट बसत नसल्याने दूध अर्धवट निघतं. दिवसातून दोन-तीनदा असं झालं की शरीर मागणी घटल्याचा हिशेब लावतं. पंप सुरू करणं आणि दूध कमी होणं एकाच आठवड्यात घडतं, म्हणून दोष यंत्राला लागतो.

आता त्या वीस-तीस मिलीबद्दल. या आकड्याने जितक्या मुली रडवल्या तितक्या दुसऱ्या कशाने रडवल्या नसतील. बाळाने नुकतंच पोटभर प्यायल्यावर पंप लावला तर दोन्ही बाजूंचे मिळून १५ ते ३० मिली येणं अगदी नेहमीचं आहे. एका पाजण्याच्या ऐवजी लावला आणि दूध नीट उतरायला लागून काही आठवडे झाले असतील, तर साधारण ६० ते १२० मिली. पहिल्या दोन-तीन दिवसांत तर चीकच असतो. तो एका वेळी थेंबांनी किंवा चमच्याने मोजायचा, आणि बाळाला तेव्हा तेवढाच लागतो. फक्त अंगावर पिणारं एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसभरात सरासरी ७५० ते ८०० मिलीच्या आसपास पितं, पण ते आठ-दहा किंवा त्याहून जास्त वेळांत विभागलेलं असतं. इंटरनेटवर दोन काठोकाठ बाटल्यांचे फोटो टाकणारी बाई प्रमाण नाही. तिच्याकडे गरजेपेक्षा जास्त दूध आहे, आणि त्याचाही त्रास असतो.

शिवाय पंपात आलेलं दूध म्हणजे तुमच्याकडचं सगळं दूध नव्हे. छातीत दूध असतं, पण ते बाहेर यायला पान्हा फुटावा लागतो. त्यासाठी ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक स्रवावं लागतं, आणि दुखणं, थंडी, धास्ती, संकोच यांनी ते अडतं. बाळ छातीशी आलं, त्याचा वास आला, ते रडलं की पान्हा आपोआप येतो. पंपाच्या फनेलशी, म्हणजे छातीला लावायच्या प्लास्टिकच्या नरसाळ्याशी, शरीराचं असं काही नातं नसतं. त्यात समोर सासूबाई आणि मावशी बाटलीतल्या रेघा मोजत बसलेल्या! अशा वेळी मी सांगते, बाटलीवर बाळाचा मोजा चढवा. रेघा दिसल्या नाहीत की निम्मं काम होतं. बाळाचं झबलं जवळ घ्या, त्याचा व्हिडिओ बघा, छातीला दोन मिनिटं कोमट ओला टॉवेल लावा, पाठ चोळून घ्या, काहीतरी गरम प्या आणि मग यंत्र सुरू करा.

दूध पुरतंय का हे बाळाकडे बघून ठरवा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होते का, सुरुवातीला घटलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आलं का, आणि पुढे वाढतंय का. वजन वाढत नसेल तर फॉरवर्ड वाचू नका, बाळाला डॉक्टरांकडे न्या.

‘जोर पूर्ण ठेवा, छाती रिकामी होईपर्यंत लावा.’

सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने होतं. जोराचा नियम सोपा आहे: न दुखता सहन होईल तितका. हळूहळू वाढवत न्या, अस्वस्थ वाटायला लागलं की एक पायरी खाली या आणि तिथेच थांबा. तुमच्या बहिणीला सात नंबरवर बरं वाटतं म्हणून तुम्हालाही वाटेल असं नाही. दुखायला लागलं की पान्हा थांबतो. म्हणजे जोर वाढवून दूध कमी येतं, आणि वर बोंडाला चिरा पडतात.

पण जोराच्याही आधी बघायचं ते फनेल. पंपासोबत बहुतेक वेळा २४ मिलिमीटर व्यासाच्या नळीचं फनेल येतं, काहींसोबत २८ चं. बायकांची स्तनाग्रं काही कारखान्यात बनलेली नसतात. पुष्कळ जणींना याहून लहान फनेल लागतं आणि ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि बोंडाचा व्यास बुडाशी मोजा. भोवतालचा काळा भाग त्यात धरायचा नाही. पंप लावून झाल्यावर बोंड सुजलेलं असतं, तेव्हा मोजू नका. जो आकडा येईल तेवढंच किंवा दोन-तीन मिलिमीटर मोठं फनेल घ्या. दोन्ही बाजूंचं माप वेगळं निघालं तर आश्चर्य नको. लहान मापाचे आत बसवायचे रबरी तुकडेही मिळतात, त्यासाठी नवा पंप लागत नाही.

माप चुकलंय हे शरीर सांगतं. बोंड नळीच्या भिंतीला घासत असेल, टोक पांढरं पडत असेल, तर फनेल लहान आहे. काळा भाग बराचसा आत ओढला जात असेल आणि दूध येत नसेल, तर मोठं आहे. बरोबर मापात बोंड नळीत मोकळेपणाने मागेपुढे होतं. फनेल छातीवर दाबूनही धरायचं नाही. कडा छातीत रुतली की तिथल्या दुधाच्या नळ्या दबतात. हवा आत शिरणार नाही इतपत टेकवलं की झालं.

बहुतेक इलेक्ट्रिक पंपांवर दोन तऱ्हा असतात. एकीत भराभर आणि हलके झटके, दुसरीत सावकाश आणि लांब ओढ. बाळही असंच करतं. आधी तुरुतुरु लुचून पान्हा आणतं, दूध यायला लागलं की लांब घोट घेतं. म्हणून पहिली दोन-तीन मिनिटं हलकी तऱ्हा, धार सुरू झाली की दुसरी. धार संपली की पुन्हा पहिलीवर या. बऱ्याचदा दुसऱ्यांदा पान्हा येतो, आणि पहिल्या धारेनंतर ‘संपलं’ म्हणून पंप काढणाऱ्या बाईला तो कधी कळतच नाही. एका वेळेला एकंदर पंधरा-वीस मिनिटं पुरतात. दोन्ही बाजूंना एकदम लागणारा पंप असेल तर वेळ अर्धा होतो आणि दूधही सहसा जास्त निघतं.

छाती ‘पार रिकामी’ कधीच होत नाही, दूध सतत बनतच असतं. पाऊण-पाऊण तास यंत्र लावून बसण्यात मिळतं काय, तर सुजलेलं बोंड.

आणि हात वापरा. यंत्र लावलेलं असताना मोकळ्या हाताने छाती हलकेच दाबत राहिलं आणि शेवटी दोन मिनिटं हाताने पिळून काढलं तर दूध वाढतं. हे आता नुसतं अनुभवाचं बोलणं राहिलेलं नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉ. जेन मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांवर काम केलं. २००९ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पंपाला हाताची जोड दिलेल्या आयांचं दूध वाढलं. हाताने काढण्याची रीत अशी: अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला, बोंडापासून दोन-अडीच सेंटिमीटर मागे ठेवा. आधी छातीच्या पिंजऱ्याकडे मागे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. बोंड ओढायचं नाही, कातडीवर बोटं घासायची नाहीत. चिकासाठी तर हातच बरा, कारण तो इतका घट्ट आणि थोडका असतो की पंपाच्या भागांनाच चिकटून राहतो.

वेळ कोणती? बाळ अंगावर नीट पितंय आणि तुम्हाला थोडा साठा हवाय, तर सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने लावा. बहुतेकींना सकाळी दूध जास्त असतं. बाळ कामाच्या वेळी जवळ नसेल तर ते ज्या वेळांना प्यायलं असतं, त्याच वेळांना. आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं, काचेच्या पेटीत असेल, तर बाळंतपणानंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच सुरुवात करून दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा, रात्रीची एक वेळ न चुकवता. या आयांना ‘आराम कर, दूध नंतर येईल’ असं सांगणारी माणसं प्रेमानेच सांगतात, पण पहिले दोन आठवडे गेले की ते भरून काढणं फार जड जातं.

चांगला चालणारा पंप अचानक ओढेनासा झाला तर दूध आटल्याचा निष्कर्ष काढण्याआधी त्यातला छोटा रबरी व्हॉल्व्ह बघा. तो सैल पडतो, चिरतो. स्वस्तातला भाग आहे, बदलला की यंत्र पूर्ववत.

‘यंत्राच्या दुधात सत्त्व नाही, फ्रिजमधलं बाधतं.’

मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. तिथे आया दूध काढून देतात. ते ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून निर्जंतुक केलं जातं, साठवलं जातं, आणि ज्यांना आपल्या आईचं दूध मिळत नाही अशा नाजूक बाळांना दिलं जातं. काढलेलं, तापवलेलं, गोठवलेलं दूध जर अशा बाळांसाठी औषधासारखं वापरतात, तर तुमच्या घरच्या फ्रिजमधल्या कालच्या दुधाला विष म्हणायला काय आधार? थेट अंगावरचं ताजं दूध सगळ्यात चांगलं, यात वाद नाही. गोठवल्याने त्यातल्या जिवंत पेशी आणि थोडं क जीवनसत्त्व कमी होतं. तरी ते आईचंच दूध राहतं.

साठवण्याचे नियम पाळायचे. खोलीचं तापमान २५ अंशांपर्यंत असेल तर चार तास. मे महिन्यात नागपूर-जळगावला पंख्याखालची खोली म्हणजे २५ अंश नव्हे, तिथे काढल्या काढल्या फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये चार दिवस, दारात नाही, आत मागच्या बाजूला. वीज वारंवार जात असेल तर आपल्याकडचे डॉक्टर चोवीस तासच सांगतात, आणि ते शहाणपणाचं आहे. वेगळ्या दाराच्या फ्रीजरमध्ये सहा महिने. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या इन्सुलेटेड पिशवीत चोवीस तास, म्हणजे कामावरून घरी आणायला पुरेसं. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही, चोवीस तासांत संपवायचं. बाळाने तोंड लावून उरवलेलं दोन तासांत संपवायचं, नाहीतर टाकून द्यायचं.

ठेवलेल्या दुधावर साय वेगळी दिसते, खाली पाणचट थर दिसतो, आणि आजीबाई म्हणतात ‘नासलं’. नासलेलं नसतं, भांडं हलकेच गोल फिरवलं की एक होतं. कधीकधी साबणासारखा वास येतो. तो दुधातल्याच एका पाचकरसामुळे, दूध चांगलं असतं.

आपल्या घरांतली एक खास सवय मात्र मोडायला हवी: दूध दिसलं की गॅसवर ठेवणं. आईचं दूध उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्येही नाही. एकीकडे त्याचे गुण जातात, दुसरीकडे मधेच एखादा घोट बाळाची जीभ भाजण्याइतका गरम होतो. कोमट पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवा. द्यायचं वाटी-चमच्याने किंवा उकळलेल्या बोंडल्याने, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत. रबरी बुचाच्या बाटलीची सवय झाली की काही बाळं अंगावर घ्यायला कुरकुरतात.

संदेशाने ज्या धोक्याचं नावही घेतलं नाही तो स्वच्छतेचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात २०१६ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाला क्रोनोबॅक्टर नावाच्या जंतूचा गंभीर संसर्ग झाला आणि तोच जंतू घरच्या पंपाच्या भागांवर सापडला. त्यानंतर तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने पंप धुण्याचे नियम प्रसिद्ध केले. सार असं: दर वेळी दुधाचा स्पर्श होणारे भाग सुटे करा, सिंकमध्ये न टाकता वेगळ्या तसराळ्यात साबण आणि गरम पाण्याने, वेगळ्या ब्रशने घासा, खळबळा, स्वच्छ पंचावर हवेत वाळवा. बाळ दोन महिन्यांच्या आतलं, अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल तर रोज एकदा पाच मिनिटं उकळा. साबणाच्या पाण्यात तासन्‌तास भिजत ठेवणं म्हणजे धुणं नव्हे. नणंदेचा जुना पंप घेण्याआधीही विचार करा. बरेच घरगुती पंप एकीनेच वापरायचे असतात, दूध किंवा वाफ नळीवाटे आत मोटरपर्यंत गेलेली असू शकते, आणि ते भाग उकळता येत नाहीत.

‘गाठ आली तर शेक, मालीश आणि पंप.’

हा सल्ला वर्षानुवर्षं डॉक्टरही देत आले, त्यामुळे संदेश लिहिणाऱ्याला इथे फार दोष देत नाही. पण स्तनपानाच्या वैद्यकशास्त्राचं काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय अकादमीने २०२२ मध्ये आपली मार्गदर्शिका बदलली. छाती लाल होते, दुखते, गाठ लागते तेव्हा तिथे मुख्यतः सूज असते. दाबून मालीश केलं की सूज वाढते, आणि गाठ ‘रिकामी’ करायला पुन्हापुन्हा पंप लावला की शरीर आणखी दूध बनवतं आणि चक्र चालू राहतं. आता सांगतात ते असं: बाळाला नेहमीसारखं पाजा, जास्तीचा पंप नको, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, वेदना आणि सूज कमी करणारं औषध डॉक्टरांना विचारून घ्या, हात फिरवायचाच तर मोरपिसाइतका हलका. चोवीस तासांत उतार नसेल, ताप चढत असेल, तर दवाखाना गाठा.

संदेशात अर्धा खरा मुद्दा दडलेला आहे, तोही सांगून टाकते. प्रत्येक बाळंतिणीला पंप लागत नाही. बाळ नीट पितंय, वजन वाढतंय, आई घरी आहे, तर डोहाळेजेवणाच्या आहेरात आलेला पंप खोक्यात राहिला तरी काही बिघडत नाही. उगाच सुरुवातीपासून पाजल्यावरही पंप लावत राहिलं तर गरजेपेक्षा जास्त दूध तयार होतं, छाती सतत दाटते आणि वर सांगितलेल्या गाठींना आमंत्रण मिळतं. दुकानदार हे सांगणार नाही.

‘हिरकणीला पंप लागला नाही.’

हिरकणीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे, पण ती नीट ऐकावी. ती रायगडावर दूध विकायला गेली होती, म्हणजे कामावर होती. संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ उपाशी, आणि नियम तिच्यासाठी शिथिल करायला कुणी तयार नव्हतं. म्हणून तिला जीव धोक्यात घालून कडा उतरावा लागला. कथेत महाराजांनी तिचं कौतुक करून तिथे बुरूज बांधला. ती गोष्ट आजच्या आईला पंप न लावण्यासाठी ऐकवायची असेल, तर तिने रोज कडा उतरावा असं म्हणणं आहे का? एसटी स्टँडांवर आणि कचेऱ्यांत आईला पाजायला जी खोली असते तिला हिरकणी कक्ष म्हणतात. काही ठिकाणी तिला कुलूप असतं, काही ठिकाणी आत झाडू-बादल्या. ‘पंप वाईट’ म्हणणाऱ्यांनी आधी त्या कुलपाची किल्ली शोधावी.

नोकरी करणाऱ्यांना एवढं माहीत असू द्या. पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने मिळाली. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा त्याच दुरुस्तीत आली. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन वेळा कामातून सुट्टी ही तरतूद तर १९६१ च्या मूळ कायद्यातच होती. दूध काढायला वेळ आणि दार लावता येणारी खोली मागताना याच तरतुदींचा हवाला देऊन लेखी अर्ज करा आणि रजेवरून परतण्याआधीच द्या, पहिल्या दिवशी नको. कंपनीने शौचालय दाखवलं तर नाही म्हणा. तिथे कुणी जेवण बनवत नाही. ज्यांना रजाच नाही, घरकामाला किंवा बांधकामावर जावं लागतं, त्यांच्यासाठी महागडा पंप हा उपायच नाही. त्यांना हाताने काढायची रीत, झाकणाचं उकळलेलं स्टीलचं भांडं आणि बाळाला ते वाटी-चमच्याने पाजणारं घरातलं कुणीतरी एवढं लागतं. रीत शिकवायला बाळंतपण झालेल्या दवाखान्यातल्या सिस्टरला किंवा वस्तीतल्या आशाताईला सांगा, एका बैठकीत हात बसतो.